‘मी ढ आहे’ असे मूल म्हणू लागते तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. जुन्या शाळेत तिचा नेहमी वरचा क्रमांक असे. यंदा निवडक मुलांच्या शाळेत गेल्यापासून मात्र ‘मी ढ आहे’ असे ती सारखे म्हणते. गुण फारसे घसरलेले नाहीत. मग असे का व्हावे?

उत्तर : आपण कसे आहोत, हे मूल केवळ गुणपत्रिकेवरून ठरवत नाही, तर शेजारच्या बाकांवरील मुलांकडे पाहूनही ठरवते, म्हणूनच सारख्याच कुवतीचे मूल हुशार मुलांच्या वर्गात स्वतःला कमी लेखते आणि साधारण वर्गात वरचढ समजते, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिले.

तिची समजूत घालताना ‘तू हुशारच आहेस’ असे म्हणणे मला धोक्याचे वाटते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ मधील प्रयोगांत बुद्धीची स्तुती झालेली मुले अपयशानंतर लवकर नाउमेद झाली, तर मेहनतीची दखल घेतलेली मुले चिकाटीने प्रयत्न करत राहिली.

त्याऐवजी तिच्याजवळ वही उघडून बसा आणि गेल्या महिन्यात अडलेले अपूर्णांकांचे उदाहरण आज ती कोणत्या पायरीपर्यंत सोडवते, हे तिलाच सांगू द्या. नेमक्या कोणत्या विषयात ‘ढ’ वाटते, हेही विचारा, कारण मुलांची स्वप्रतिमा विषयागणिक वेगळी असते आणि एका गणिताची धास्ती पुष्कळदा साऱ्या अभ्यासावर पसरते. वर्गात गुण मोठ्याने वाचून दाखवले जात असतील, तर ते थांबवण्याची विनंती वर्गशिक्षकांना अवश्य करा.