मोहाखालची आग

प्रिय,

गडचिरोलीला रुजू होण्याआधी काय वाचू, असं तू विचारलंस. वाच भरपूर. पण त्याआधी मोहाची फुलं वेचायच्या दिवसांत गावातल्या एखाद्या आजीच्या मागे जंगलात जा.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘वणवे गाववालेच लावतात’ हे मनात पक्कं घेऊन गेलो होतो. आजीने संध्याकाळी मोहाखालचा पाला झाडून ढीग केला, भोवती हातभर जमीन मोकळी केली, वारा पडल्यावर काडी लावली. मग हिरवी डहाळी घेऊन राख निवेपर्यंत ती जागची हलली नाही. पहाटे त्या स्वच्छ जमिनीवर पिवळसर फुलं लगेच दिसत होती. पुढे त्याच जंगलात पाला पेटवून निघून जाणारेही पाहिले. अशी आग पसरली की मोहाची कोवळी रोपंच आधी होरपळतात. म्हणून जुनं ते सगळं सोनं मानू नकोस. फुलं झेलायला झाडाखाली जाळी बांधली तर जाळावंच लागत नाही, हे जरूर सुचव. कोणत्या झाडाखाली ती टिकेल, हे मात्र आजीला विचार.

उपग्रहाचंही तसंच. भारतीय वन सर्वेक्षण आगीच्या सूचना मोबाइलवर धाडतं, त्याचा मोठा उपयोग होतो. पण त्यातला बारीक ठिपकासुद्धा साधारण 375 मीटरचा. आग नाल्याच्या अलीकडे की पलीकडे, हे त्यावरून नेमकं कळत नाही. धूर पाहून गावातला माणूस सांगतो.

गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हाती आला. त्यामागे कित्येक वर्षांचे अभ्यासगट होते. बाहेरचा जाणकार तिथे बसतो, बोलतो, ऐकतो. निर्णय ग्रामसभा करते, तोही सर्वसहमतीने. तुझी जागा त्या अभ्यासगटात आहे, हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव. मला ते उमगायला फार वर्षं लागली, आणि तोवर गावाला न विचारता केलेली माझी दोन रोपवनं वाळून गेली.

नकाशा करशील तेव्हा जागांची नावं गोंडीत लिही, मोठी प्रत गावातच ठेव. देवाची जागा दाखवू नको म्हणाले, तर खोडून टाक.

होळीच्या सुमारास पोच. मोह तेव्हा गळायला लागलेला असेल.

तुझा,
काका