‘घरचं सगळं सांभाळून’ ही अट

“मी बी.कॉम. असून सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात आठ वर्षे काम केले. 2016 साली मुलगी झाल्यावर नोकरी सोडली. पुढे मुलगा झाला. तो आता शाळेत रुळला आहे. पुन्हा काम करावेसे वाटते. यजमान म्हणतात, ‘कर, माझी ना नाही, पण घरचं सगळं सांभाळून कर.’ सासूबाई काहीच बोलत नाहीत. मागे एका मुलाखतीत ‘मधली वर्षे काय करत होतात?’ असे विचारले, तेव्हा तोंडून ‘काही नाही’ एवढेच निघाले. एका सीएंच्या कार्यालयात दहा हजारांवर बोलावले आहे. माझ्यात आता काही उरले आहे का?” – एक वाचक, नाशिक

प्रिय भगिनी,

तुमचा प्रश्न पात्रतेचा आहे. मला मात्र अधिक खुपले ते तुमच्या यजमानांचे वाक्य, आणि ती अट रास्तच असावी अशा रीतीने तुम्ही ते उतरवले आहे, ही गोष्ट.

पात्रतेचे आधी बोलते, कारण ते त्या मानाने सोपे आहे. तुम्ही नोकरी सोडली तेव्हा व्हॅट, अबकारी आणि सेवाकर होते. 1 जुलै 2017 पासून जीएसटी आला आणि तुमच्या ओळखीची विवरणपत्रे गेली. आता महिन्याची लय साधारणपणे 11 तारखेचे जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र) आणि 20 तारखेचे जीएसटीआर-3बी (गोषवारा आणि करभरणा) यांच्याभोवती फिरते, आणि मधल्या दिवसांत 2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या यादीशी, खरेदीची बिले जुळवण्याचे किचकट काम असते. हे शिकावे लागेल, पण नावे-जमा, बँकेचा ताळमेळ आणि येणेकऱ्यांची खाती यांत काहीही बदललेले नाही, आणि जिला ते येते तिला बाकीचे दोन-तीन महिन्यांत येते. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर बदलले आणि 1 एप्रिल 2026 ही नव्या प्राप्तिकर कायद्याच्या अंमलाची तारीख ठरली; म्हणजे ज्यांनी कधीच खुर्ची सोडली नाही त्यांनाही पुस्तके नव्याने उघडावी लागली. प्रमाणपत्राच्या वर्गापेक्षा ओळखीच्या एखाद्या दुकानदाराचे एक-दोन महिन्यांचे हिशेब आणि विवरणपत्रे त्यांच्या करसल्लागाराच्या देखरेखीखाली तयार करून पाहा, असे मी सुचवीन.

पुढच्या मुलाखतीत ‘काही नाही’ म्हणू नका. ‘मुले लहान होती म्हणून पूर्णवेळ घरी होते, आता पूर्णवेळ कामाला तयार आहे’ एवढे सरळ वाक्य पुरे आहे. त्यानंतर कारखान्यात तुम्ही काय सांभाळत होता त्यावर बोला.

आता अटीविषयी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटे, असे आढळले. मुलांची व वृद्धांची देखभाल त्यात धरलेली नाही. कार्यालयाचे आठ-नऊ तास आणि येण्याजाण्याचा वेळ यांच्या जोडीला ही जवळजवळ पाच तासांची कामे तशीच ठेवायची, हा ‘घरचं सगळं सांभाळून’ याचा हिशेबी अर्थ होतो, आणि तो दिवसाच्या तासांत बसत नाही. तुमचे यजमान वाईट हेतूने बोलले असतील असे मला वाटत नाही. बहुधा त्यांनी ही कामे कधी मोजलीच नसावीत. म्हणून कामावर रुजू होण्याआधी दोघांनी बसून सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या ओट्यापर्यंतचा दिवस कागदावर लिहा आणि प्रत्येक कामापुढे एकाचे नाव घाला. यजमानांच्या नावापुढचे काम ही तुम्हाला केलेली मदत नव्हे, ते त्यांचेच काम, हे तेव्हाच स्पष्ट होऊ द्या. मुलाला ताप आला तर रजा कोणी काढायची, हेही त्याच कागदावर ठरले पाहिजे, कारण अनेकींच्या दुसऱ्या खेपेच्या नोकऱ्या नेमक्या त्या तापात सुटतात.

पोळ्यांना बाई लावावी लागली तर तिचा पगार घरखर्चात धरा. ‘तुझा पगार तर बाईतच जाणार’ हे गणित मी फार घरांत ऐकले आहे आणि ते चुकीचे आहे, कारण पोळ्या सगळे घर खाते.

सासूबाईंच्या मौनाला विरोध समजू नका, आणि मुले त्या सांभाळतीलच असे परस्पर गृहीतही धरू नका. त्यांना काय आनंदाने करता येईल आणि काय आता झेपत नाही, हे त्यांच्या मुलाच्या उपस्थितीत त्यांनाच विचारा.

राहिला दहा हजारांचा प्रश्न. मधल्या वर्षांचा दंड म्हणून कमी पगार घेऊ नका. काम शिकायला मिळत असेल तर सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल असे लेखी घेऊन जरूर जा. मात्र त्याआधी तुमचे भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते तपासा. त्याला जोडलेल्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सदस्य-सेवा लागते. कारखान्यातली आठही वर्षे तिथे नोंदलेली असतील आणि पेन्शनची रक्कम तुम्ही काढलेली नसेल, तर जुना यूएएन (निधी खात्याचा कायमचा क्रमांक) देऊन पुढची दोन वर्षे त्याला जोडता येतात. वीसपेक्षा कमी माणसांच्या कार्यालयाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सामान्यतः लागू नसतो. म्हणून अंबड-सातपूरच्या एखाद्या कारखान्यातली निधी कापणारी नोकरी, सुरुवातीचा पगार तेवढाच असला तरी, तुमच्यासाठी जास्त मोलाची ठरेल, आणि तिथे अर्ज केल्याशिवाय सीएंना होकार देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही तेच कार्यालय निवडलेत, तर जुलै, सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये किती वाजेपर्यंत थांबावे लागते, हे आधीच विचारून घ्या. विवरणपत्रांच्या आणि लेखापरीक्षणाच्या मुदती तेव्हाच येतात, आणि मुलांच्या सहामाही परीक्षाही त्याच सुमारास असतात. त्या संध्याकाळी अभ्यासाला कोण बसणार, ते नावही कागदावर आजच लिहिलेले असू द्या.