डोळे मिटले की नुसता अंधार, माझा आईवर जीव नव्हता का?

प्रश्न : मी यावल तालुक्यातली. आई गेल्यापासून ताई सारखी म्हणते, डोळे मिटले की आई समोर दिसते, पऱ्हाट्यांवर वांगी भाजताना, अगदी लुगड्याच्या रंगासकट. मला काहीच दिसत नाही. भरीत कसं करायची, काय काय बोलायची सगळं पाठ आहे पण चेहरा नाही येत. घरचे म्हणतात तुझा जीवच नव्हता तिच्यावर. मला काही आजार आहे का?

उत्तर : ताई, जीव नव्हता हे आधी डोक्यातून काढा, त्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही आणि घरच्यांनी असं बोलायला नको होतं. काही लोकांना मनात चित्र उमटतच नाही, त्याला अफँटेशिया म्हणतात. नाव २०१५ चं, इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठातले मेंदूतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेलं, पण १८८० मधेच फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवायला लावलं होतं, काहींना ते लख्ख दिसलं, काहींना काहीच नाही, आणि त्यात चांगले शास्त्रज्ञ होते! साधारण शंभरात एकाला अजिबात दिसत नाही, अंधुक दिसणारे धरले तर चारेक जण. तुमच्या ताईसारखे फार स्पष्ट बघणारेही असतात.

हे मनाचे खेळ नाहीत, मोजता येतं. लख्ख उजेडातला आकार नुसता मनात आणला तरी बहुतेकांच्या डोळ्यातली बाहुली बारीक होते, सिडनीच्या संशोधकांनी २०२२ मधे दाखवलं की अफँटेशियावाल्यांची होत नाही, पण एकाऐवजी चार आकार मनात आणा म्हटलं की त्यांचीही बाहुली मोठी होते, म्हणजे डोकं मेहनत घेत होतं, फक्त चित्र येत नव्हतं. दुसऱ्या एका प्रयोगात खोलीचा फोटो दाखवून नंतर आठवून काढायला सांगितलं, यांनी वस्तू कमी काढल्या पण कुठली वस्तू कुठे हे इतरांइतकंच बरोबर, आणि नसलेल्या वस्तू तर कमीच घुसवल्या. तेव्हा आठवण आणि चित्र या वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्याकडे आठवण पक्की आहे. पिक्सार ही अ‍ॅनिमेशनपटांची कंपनी सुरू करणाऱ्यांपैकी एड कॅटमल यांनाही मनात चित्र दिसत नाही, आणि त्यांचं अख्खं आयुष्य अ‍ॅनिमेशनमधे गेलं.

लहानपणापासून असंच असेल तर हा आजार नाही, औषध लागत नाही. आधी दिसायचं आणि अचानक बंद झालं, डोक्याला मार लागल्यावर किंवा लकव्यानंतर, असं असेल तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, थांबू नका.