वाचकांचे प्रश्न : आधी ब्रेक, मग पॉलिश

प्रश्न : ताई, काकांची १९९४ची मर्सिडीज माझ्याकडे आली आहे. डब्ल्यू१२४ मॉडेल, सहा सिलिंडर, पेट्रोल. जेमतेम ८०,००० किलोमीटर चाललीय, पण बरीच वर्षं झाकून उभी होती. नवी बॅटरी टाकून सुरू करावी म्हणतो. पॉलिश आणि लेदर क्रीमही आणून ठेवलंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर : किल्लीला हात लावू नका, आणि ते पॉलिश तूर्त कपाटात जाऊ दे. ‘जेमतेम ८०,०००’ हे वाचून तुम्हाला आनंद होत असेल, मला धास्ती वाटते. धातू चालून झिजतो. रबर आणि प्लॅस्टिक नुसतं उभं राहूनही संपतं.

पहिलं काम पेट्रोलचं. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, फिल्टर बदला आणि टाकीपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहा. बारीक चिरा दिसल्या तर तो गेला. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल दाबाखाली असतं, गरम इंजिनावर त्याचा फवारा उडाला तर आगीला निमित्त पुरतं. मग इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या बाजूला खाली असलेल्या पट्ट्याच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन चालतं त्याच दिशेने हाताने फिरवा. अडलं तर तिथेच थांबा. स्टार्टरने जबरदस्ती केलीत तर जे सुटलं असतं तेही मोडेल.

तुमच्या गाडीच्या वर्षामुळे एक तपासणी टाळता येणार नाही. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात या इंजिनांच्या वायरिंगला जे आवरण होतं, ते उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडतं. इंजेक्टरच्या कनेक्टरजवळची बाहेरची नळी अलगद मागे सरकवा. आतल्या वायरींवरून खपल्या पडत असतील, तांबं उघडं दिसत असेल, तर पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायचा. टेप गुंडाळून भागत नाही. अशा गाडीचं इंजिन आज थरथरतं, उद्या ठीक चालतं आणि मेकॅनिक एकामागून एक सेन्सर बदलत बसतो; वायरी एकमेकींना चिकटल्या तर कंट्रोल युनिटही (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) जातं, ते वेगळंच.

आणि ब्रेक. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल धरलेल्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबताना तेवढी उष्णता तयार होऊ शकते. मग पाइपात वाफ होते आणि पेडल सरळ खाली जातं. म्हणून फ्लुइड दर २ वर्षांनी बदलायचं, गाडी चालो वा न चालो. चाकांजवळचे ब्रेकचे रबरी होज (पाइप) आतून फुगतात. पाय काढल्यावरही चाक जड फिरत राहिलं तर कॅलिपरइतकाच (ब्रेक पॅड दाबणारा भाग) होजवरही संशय घ्या. टायरची नक्षी नवीकोरी दिसेल, तिच्यावर जाऊ नका. बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे ४ अंक पाहा : २३१५ म्हणजे २०१५चा २३वा आठवडा.

गाडीखाली शिराल तेव्हा ती जॅक स्टँडवर असली पाहिजे, नुसत्या जॅकवर कधीच नाही. यावर वाद घालणाऱ्यांना मी उत्तर देत नाही.

हे सगळं झाल्यावर बॅटरी जोडा. मी काढलेले बोल्ट डबीत टाकत नाही. पुठ्ठ्यावर त्या भागाचं ओबडधोबड चित्र काढते आणि प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवते. लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात पिळला की कास्टिंग फुटायचीही भीती.

प्रश्न : कूलंट निळं आहे, दुकानात हिरवं मिळतंय. वर भरलं तर चालेल?

उत्तर : रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला दर्जा बाटलीवर शोधा. मिश्रण साधारण निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, त्यातला क्षार रेडिएटरमध्ये बसतो. झाकण गार इंजिनावरच उघडा.

प्रश्न : पाऊस पडला की पुढचं कार्पेट भिजतं. काचांचे रबर बदलून झाले. गाडीला सनरूफ आहे.

उत्तर : रबर बदलण्याआधी विचारलं असतंत तर बरं झालं असतं. सनरूफ पाणी पूर्ण अडवतच नाही. आत आलेलं पाणी भोवतीच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली जातं. नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी छतातून खांबांत आणि तिथून कार्पेटखाली. सनरूफ उघडा, कोपऱ्यात कपभर पाणी हळूच ओता आणि गाडीखाली धार येते का बघा. नाही आली तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हलक्या हाताने आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. नळी सांध्यातून निसटली तर अख्खं छत उतरवावं लागेल. वायपरखालच्या खाचेतली पानंही काढा. कार्पेट उचलून खालचा फोम वाळवाच, कारण बऱ्याच महागड्या गाड्यांची कंट्रोल युनिट्स तिथेच बसवलेली असतात.

प्रश्न : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे म्हणतात. खरं का?

उत्तर : कोणाचं लाइफ, ते विचारा. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः आपल्या ऑटोमॅटिकसाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑइल बदलायला सांगते. जुन्या गाडीत बदललंय याचा पुरावा नसेल, तर बदललेलं नाही असंच धरा. फिल्टरही सोबत बदला. पातळी पुस्तिकेत दिलेल्या तापमानालाच पाहायची.

प्रश्न : डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागलाय. सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल दिसतो. दाबून बसवू?

उत्तर : नाही. हे एक काम घरी करायचं नाही. बरोबर स्कॅनर असलेल्या माणसाकडे गाडी न्या, आणि तोवर तिथलं काही उघडू नका.