डार्करूम प्रश्नोत्तरे: लिथ प्रिंट

मिरजेहून प्रश्न: साध्या पेपर डेव्हलपरमध्ये (कागदावर चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) निगेटिव्हची प्रिंट चांगली येते. तिचीच लिथ (कागदाला भरपूर प्रकाश देऊन लिथ डेव्हलपरमध्ये अर्धवटच डेव्हलप केलेली प्रिंट) करायला घेतली की आठ-दहा मिनिटं ट्रेमध्ये नुसतं फिकट चित्र दिसतं, मग सावल्या एकदम काळ्याकुट्ट होतात आणि आकाश कोरंच राहतं. जास्त वेळ ठेवायला हवी का?

उत्तर: नाही, एक्स्पोजर (कागदाला दिलेला प्रकाश) वाढवायला हवं. लिथमध्ये हायलाइट (उजळ भाग) एनलार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, ठरतात आणि शॅडो (सावल्या) ट्रेमध्ये. साध्या प्रिंटला लेन्सच्या एफ/११ या छिद्रावर १० सेकंद लागत असतील, तर लिथला दोन ते तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट) जास्त द्या, म्हणजे ४० ते ८० सेकंद. एवढा वेळ ताटकळायचं नसेल तर लेन्स एफ/५.६ वर उघडून २० सेकंद द्या; तीन स्टॉप होतात. आकाश कोरं आलं की पुढच्या कागदाला आणखी एक्स्पोजर द्यायचं. ट्रेमध्ये ठेवून ठेवून ते भरत नाही, तोवर सावल्या बुजून जातात. एक्स्पोजर वाढलं की कॉन्ट्रास्ट मऊ होतो, हेही लक्षात ठेवा.

असं होतं ते रसायनामुळे. लिथ डेव्हलपरमध्ये चित्र उमटवणारं हायड्रोक्विनोन असतं, पण मोकळं सल्फाइट अगदी कमी. चांदी तयार होताना हायड्रोक्विनोनची अर्धवट ऑक्सिडाइझ झालेली रूपं निघतात आणि ती आसपासचं डेव्हलपिंग आणखी भडकवतात. साध्या डेव्हलपरमधलं भरपूर सल्फाइट त्यांना लगेच निकामी करतं. इथे अडवायला कोणी नाही, म्हणून काळा रंग वणव्यासारखा पसरतो.

तेव्हा नजर सगळ्या चित्रावर फिरवू नका. एकच जागा आधी ठरवा. घाटाचा फोटो असेल तर कमानीखालचा अंधार. तिथे काळे ठिपके दिसू लागले की चिमटा हातात घ्या आणि पाहिजे तितका काळा होण्याच्या किंचित आधी प्रिंट उचला. कोपऱ्यातून थेंब गळायची वाट पाहू नका, सरळ स्टॉप बाथमध्ये (डेव्हलपिंग थांबवणाऱ्या आम्लाच्या पाण्यात). सायट्रिक ॲसिड लिटरला १५ ग्रॅम चालतं. हायपोमध्ये (फिक्सरमध्ये) रंग बदलतो आणि वाळल्यावर पुन्हा बदलतो, म्हणून ओल्या प्रिंटवरून निकाल देऊ नका.

कराडहून प्रश्न: पहिल्या दोन-तीन प्रिंट स्वच्छ येतात. पुढच्या प्रिंटच्या उजळ भागांवर मिरपूड सांडल्यासारखे बारीक काळे ठिपके येतात. पेपर खराब आहे का?

उत्तर: पेपरवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. आधी डेव्हलपरकडे बघा: हवेने आणि वापराने त्यातलं उरलंसुरलं सल्फाइट संपत आलेलं असतं. सोडियम सल्फाइटचं १० टक्क्यांचं द्रावण करून ठेवा (१०० मिलीत १० ग्रॅम) आणि लिटरभर डेव्हलपरमध्ये ५ मिली घाला. भागलं नाही तर आणखी ५. हात सैल सोडलात तर ठिपक्यांबरोबर लिथचा रंगही जाईल. ट्रे संपूर्ण दमला असेल तर नवा घ्या, पण जुना ओतून टाकू नका. नव्या लिटरात २०० मिलीच्या आसपास जुना घातला की त्यातल्या ब्रोमाइडमुळे वेळ थोडा लांबतो, मात्र तपकिरी-जर्दाळू रंग येतो तो त्यानेच.

लाल सेफलाइटही (डार्करूमचा दिवा) तपासा, कारण लिथचा कागद त्याखाली पंधरा मिनिटं असतो. कोऱ्या तुकड्यावर नाणं ठेवून भोवतीचा कागद काळवंडतो का ते पाहायची नेहमीची चाचणी इथे फसवी ठरते. तुकड्याला आधी एनलार्जरखाली हलकं एक्स्पोजर द्या, मगच नाणं ठेवा.

सांगलीहून प्रश्न: एप्रिल-मे महिन्यात डेव्हलपर ३३-३४ अंशांवर जातो. काम थांबवावं का?

उत्तर: थांबवू नका. लिथ मुद्दाम गरम करूनही करतात. वेळ मात्र निम्म्याहून कमी होतो आणि ठिपक्यांचा धोका वाढतो. २० अंशांना लिथ डेव्हलपरचे ए आणि बी हे दोन भाग मिळून ५० मिली, पाणी ९५० मिली घेत असाल, तर उन्हाळ्यात ३० मिलीला ९७० करून बघा. ट्रे मोठ्या घमेल्यात पाण्यावर ठेवा, म्हणजे निदान एका बैठकीत तापमान हलणार नाही. बोअरचं जड पाणी मात्र डेव्हलपरला वापरू नका. अल्कलीमुळे चुना खाली बसतो आणि प्रिंटवर पांढुरकी साय राहते. फिल्टरचं पाणी बरं.

साताऱ्याहून प्रश्न: कुठलाही पेपर चालतो का?

उत्तर: नाही. फोमा कंपनीचा फोमाटोन एमजी क्लासिक लिथसाठी नावाजलेला आहे. अनेक आरसी (प्लास्टिकचा लेप असलेल्या) पेपरांच्या थरातच डेव्हलपर घातलेला असतो, ते लिथला दाद देत नाहीत. घरातला जुना पेपर तपासायचा असेल तर एक तुकडा उजेडात धरा आणि त्यावर धुण्याच्या सोड्याच्या दाट पाण्याचा थेंब टाका. मिनिटभरात थेंबाखालची जागा काळी पडली तर तो साध्या प्रिंटसाठी ठेवा.