पहिल्यांदाच गुहेच्या मोहिमेला निघालायस तर

अरे, गाडीने इतके दिवस घालवून कॉकससला जाताय ना, मग पोचल्या पोचल्या गुहेत शिरू नका, एक दिवस नीट झोपा आणि सगळे रोप इंच इंच हातातून सरकवून बघा. गाडीच्या बॅटरीशेजारी ठेवलेला रोप तर सरळ बाद कर, ॲसिड लागलेलं वरून दिसत नाही पण नायलॉन आतून खलास होतं. कॉकसस पर्वतातल्या अराबिका डोंगरातल्या काही गुहा 2,000 मीटरहून खोल आहेत, आत कायम थंडी, कॉटन नकोच. लाइट प्रत्येकाकडे तीन. आणि पाण्याला खरंच घाबर रे, 2018 ला तिथल्याच वेर्योव्किना गुहेत अचानक पाणी चढलं, टीमला सामान तिथंच टाकून वर पळावं लागलं.