वर्षावनातल्या औषधी वनस्पतींपासून विषाणूजन्य आजारांवर खरंच औषध मिळू शकतं का?

शक्यता खरी आहे, पण झाडापासून गोळीपर्यंतची वाट फार लांब. मलेशियातल्या सारावाकच्या जंगलातून 1987 मध्ये कॅलोफायलम जातीच्या एका झाडाची पानं आणि फांद्या गोळा केल्या होत्या. त्यांतून कॅलॅनोलाइड ए हे द्रव्य मिळालं. एड्सचा विषाणू एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो ते ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर, त्यालाच हे द्रव्य अडवतं. आणखी नमुने आणायला माणसं परत गेली तर झाड तोडलेलं! शेवटी ते प्रयोगशाळेत बनवावं लागलं. माणसांवर चाचण्याही झाल्या, तरी बाजारात औषध काही आलं नाही.

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवरचे वैदू मामाला झाडाची साल काविळीवर देत. त्यातलं प्रोस्ट्रॅटिन हे द्रव्य पेशींत दडून बसलेल्या एचआयव्हीला बाहेर काढतं. विषाणू लपलेलाच राहिला तर नेहमीची औषधं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मला हे जास्त आशादायक वाटतं.

अॅमेझॉनमधल्या क्रोटॉन झाडाच्या लालभडक चिकापासून बनलेल्या क्रोफेलेमर या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मंजुरी मिळाली. मात्र ते एचआयव्ही रुग्णांच्या जुलाबांवर आहे, विषाणूवर नाही. जाहिरातींत हा फरक हमखास गाळतात.

आणि प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत विषाणू मेला म्हणून घरी काढा उकळत बसू नका. तिथे तर साबणानेही मरतो.